दुसऱ्या पाण्याचे साहेब

खोली दाखवायच्या आधी त्यांनी मला विचारलं, "मॅडम, केस किती दिवसांनी धुता?"

मी दारातच थिजले. नांदेडमध्ये नवी नोकरी, ज्युनिअर कॉलेजात अकाउंट्स शिकवायचं, हातात बॅग, अंगावर प्रवासाची धूळ, आणि समोर पांढरा शर्ट-पायजमा घातलेले साठी उलटलेले एक गृहस्थ शांतपणे माझ्या वेणीकडे बघत उभे. मी परत फिरणारच होते, पण तोंडातून निघून गेलं, "मी लातूरची आहे. आमच्याकडं केस धुवायचे तर आधी टाकीत डोकावून बघतात."

ते लगेच बाजूला झाले आणि जिन्याकडे हात करून म्हणाले, "मग असं सांगायचं की आधी. या वर."

बस्स. मी कोण, कुठल्या आळीतली, लग्न झालंय का, एकटी का राहणार, यातलं काहीही त्यांनी विचारलं नाही. लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं हे सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं होतं. त्या गावची बाई बादली जपूनच वापरणार, एवढं त्यांना पुरलं. मला मात्र रात्री जेवतानासुद्धा तो प्रश्न आठवत राहिला.

गल्लीत सगळे त्यांना साहेब म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. हातपंपांच्या खात्यातून ते निवृत्त झाले होते. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या खेड्यापाड्यांत बोअर मारायचे आणि त्यांवर हातपंप बसवायचे, यात त्यांची सगळी नोकरी गेली. बायको बरीच वर्षं आधी गेलेली. एकच मुलगी, ती कोकणात किनाऱ्यावरच्या एका गावात प्राथमिक शाळेवर शिक्षिका. मराठवाड्यातली डी.एड. झालेली कितीतरी पोरं-पोरी अशी तिकडे लागतात आणि पहिल्या दिवसापासून बदलीचा अर्ज हातात घेऊन बसतात. साहेबांच्या मुलीनं तो कधी केला नाही. ती सुट्टीत आली की आम्ही दोघी गच्चीवर चिवडा खात बसायचो. बापाच्या गमती सांगून ती मला पोट दुखेपर्यंत हसवायची.

गमती तिला वाटायच्या. मला बहुतेक वेळा धक्काच बसायचा. एकदा आमचे प्राचार्य माझ्याकडं काही कागद द्यायला आले. साहेबांनी त्यांना पाण्याचा ग्लास दिला, त्यांनी दोन घोट घेतले आणि ग्लास खाली ठेवला. साहेब खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले आणि म्हणाले, "सर, तेवढं संपवा. मी थांबतो." प्राचार्यांनी ते मुकाट्यानं संपवलं, रिकामा ग्लास त्यांना दाखवलासुद्धा. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले होते. दुसऱ्या एका दिवशी समोरचा पोरगा पाइप लावून मोटारसायकल धूत होता, तर साहेबांनी रस्त्यावरचा गल्लीचा व्हॉल्व्ह फिरवून बंद केला आणि वर्तमानपत्र घेऊन त्या झाकणावरच बसले. पोराचे वडील आले, आजी आली. साहेबांनी अग्रलेखापर्यंत सगळा पेपर वाचून काढला. मग पोरगा बादली आणि फडकं घेऊन आला, तेव्हा ते उठले.

त्यांचं जग फुटांत मोजलेलं होतं. उमरीकडं जायचा रस्ता विचारला तर म्हणायचे, "ते दीडशे फुटाचं गाव गेलं की डावीकडं वळा." गावांची नावं त्यांना आठवत नसत असं नाही, पण खोली आधी आठवायची. माणसांनाही तेच माप. मला बघायला एक स्थळ आलं होतं. मुलगा बोलायला गोड, हसरा, आल्याआल्या साहेबांच्याही पाया पडला. तो गेल्यावर साहेब म्हणाले, "मॅडम, ह्यो माणूस चाळीस फुटाचा हाय."

"म्हणजे?"

"म्हंजे मार्चपातूर चालतो."

मी ते स्थळ पुढं नाकारलं. त्याचा या वाक्याशी काही संबंध नव्हता, असं मी आजही सगळ्यांना सांगते.

पण त्यांचं खरं वेड होतं दुसरं पाणी. हे त्यांनी मला इतक्यांदा समजावलं होतं की मी ते वर्गात शिकवू शकले असते. बोअर मारताना काही फुटांवर पहिलं पाणी लागतं. गाव नाचायला लागतं. गुलाल उधळतात, नारळ फोडतात, बोअरच्या गाडीवाल्याला म्हणतात, आता बास. "आन् ते पाणी उन्हाळ्यात दगा देतं. बाया पुन्हा हांडा घेऊन रानोमाळ. आपण पहिल्या पाण्यावर थांबायचं न्हाई. त्याच्यातून खाली जायचं. खडकाखाली दुसरं पाणी असतं. ते उन्हाळ्याचं." गाडीच्या दांड्या जसजशा खाली जात, तसा वर येणारा भुगा ते चिमटीत घेऊन जिभेवर ठेवत. जिभेला कळतं म्हणायचे. वरचं पाणी जरा खारवट लागलं तरी ते घाबरत नसत. आमच्या भागात वरचं पाणी कधीकधी तसं असतं, खाली गेलं की गोड लागतं. मंजुरीपेक्षा जास्त खोल गेल्याबद्दल वरिष्ठांची बोलणी त्यांनी आयुष्यभर खाल्ली.

मी हे सगळं हसण्यावारी नेत होते. मग एकदा माहूरला देवीच्या दर्शनाला गेलो असताना येताना त्यांनी गाडी आडवाटेच्या एका वस्तीवर घ्यायला लावली. तिथं हातपंपावर बाया पाणी भरत होत्या. भर मे महिना, दांडा दोनदा मारला की बदाबदा धार. साहेबांना पाहून एक म्हातारी हांडा तिथंच ठेवून आली आणि वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. ती मला म्हणाली, "बाई, आम्ही सगळ्यांनी गाडीपुढं बसून अडवलं होतं यांना. लागलेलं पाणी खाली पळून जाईल म्हणून. लई शिव्या दिल्या. ह्यांनी ऐकलं न्हाई म्हणून आज आमची गावं हायेत." साहेब ओशाळून दुसरीकडे बघत होते. त्या वस्त्यांत त्यांना दुसऱ्या पाण्याचे साहेब म्हणत, हे मला तेव्हा कळलं. तेव्हापासून मी त्यांना हसणं सोडून दिलं.

मुलीचं लग्नही त्यांनी असंच ठरवलं. तिनं तिकडचाच मुलगा पसंत केला होता. गावात त्याचं छोटं किराणा दुकान, घरी आई, आणि समुद्राला लागून नारळ-सुपारीची बाग. तिकडं तिला आगर म्हणतात. साहेब बघायला गेले. मुलीनं जीव मुठीत धरला होता, कारण जात वेगळी, भाषा वेगळी, घर एवढं लांब. साहेब अंगणात शिरले ते सरळ विहिरीवर गेले. गुडघे टेकून बसले आणि हात खाली घातला. पाणी हाताला लागलं. ते ओंजळीनं प्यायले, तोंड पुसलं आणि मुलाच्या आईला म्हणाले, "विहीणबाई, पोरगी दिली." मुलाशी ते त्या दिवशी बोललेसुद्धा नव्हते.

परत आल्यावर त्यांनी हे मला स्वतः सांगितलं. "मॅडम, मे महिना. हात घातला की पाणी. माझी बायको टँकरपाशी उभी राहून राहून गेली. साऱ्या जिल्ह्याला पाणी देऊन राहिलो मी, आन् माझ्या घरची रांगेत. पोरगी तरी आता उभी राहणार न्हाई." त्यांचे डोळे भरले होते. मी तो माणूस पहिल्यांदाच असा पाहिला.

समुद्राबद्दल मात्र त्यांचं मत वाईट होतं. लग्नाच्या वेळी जावयानं त्यांना हौसेनं पुळणीवर, समुद्राच्या वाळूत नेलं. त्यांनी लाटेत बोट बुडवून चाटलं, थुंकले आणि म्हणाले, "एवढं पाणी, आन् काय कामाचं." नंतर कितीही वेळा गेले तरी अंगणात खुर्ची टाकायचे ती समुद्राकडं पाठ करून.

लग्नाला काही वर्षं झाली आणि एका उन्हाळ्यात मुलीचा फोन आला. मी तेव्हा खालीच बसले होते. ती म्हणाली, "बाबा, चहा फुटतोय." साहेबांना कळेना. दूध नासतंय का? तर नाही, दूध ताजं होतं. विहिरीचं पाणीच मचूळ झालं होतं, खारट. दूध घातलं की चहा फुटायचा, डाळ शिजायची नाही. आदल्या पावसाळ्यातल्या वादळात उधाणाचं पाणी आगरात शिरलं होतं, आणि असं हल्ली दर वर्षी होत होतं. दोन-तीन वर्षांपासून एप्रिल-मेमध्ये चव बिघडायची, पावसात सुधारायची. या वेळी मार्चमध्येच बिघडली. बापाला सांगून त्रास नको म्हणून ती इतके दिवस गप्प राहिली होती.

साहेबांनी फोन ठेवला आणि कपाटातला ठेवणीतला शर्ट काढला. जुन्या ओळखीच्या बोअरवाल्याला फोन केला, त्याची गाडी कोल्हापूरकडं होती, ती तिकडं वळवायला लावली. मला म्हणाले, "मॅडम, सुट्टी हाय ना? चला. समुद्र बघायचा म्हणून राहिल्या होत्या." मी समुद्र पाहिलेला नव्हता हे खरं होतं, म्हणून गेले.

मी जे पाहिलं त्याला समुद्र म्हणावं का हेच मला कळेना. माझ्या डोक्यात कॅलेंडरवरचं चित्र होतं. इथं लाटांमध्ये झाडं आडवी पडली होती, मुळांसकट. सुरूचं अख्खं बन होतं म्हणे तिथं. विहीणबाई मला पुळणीवर घेऊन गेल्या. उंच, सडपातळ बाई, कपाळावर मोठं कुंकू, चालणं भरभर. त्यांनी पाण्याकडं बोट दाखवलं, "ते फेस येतंय ना, तिथं आमच्या शाळेचा खो-खो चालायचा." मी म्हटलं, कुठं? त्या म्हणाल्या, "तिथंच. पाण्यात." मग अजून थोडं बाजूला दाखवून म्हणाल्या, "स्मशानाची शेड तिथं होती. आमच्या यांना तिथंच दिला अग्नी. गेल्या पावसात तीपण गेली." त्या हे अगदी सहज सांगत होत्या. दुष्काळात पाणी हळूहळू जातं, हे मी लहानपणापासून बघितलं होतं. जमीन अशी जाते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

बोअरची गाडी आली तेव्हा सगळी वाडी जमली. तिथल्या बऱ्याच विहिरींचं पाणी अजून पिण्याजोगं होतं. समुद्राला लागून असलेल्या विहीणबाईंचीच काय ती आधी बिघडली होती. विहीणबाई साहेबांना म्हणाल्या, "भाऊ, एक सांगू? आमच्याकडे कातळाखाली जात नाहीत."

"कामून?"

"नाही जात. आमचे सासरे सांगायचे, विहीर खणताना कातळ लागला की कुदळ वर घ्यायची."

साहेब हसले. चाळीस वर्षांत त्यांनी हे शंभर गावांत ऐकलं होतं, आणि शंभर वेळा खोटं ठरवलं होतं. "विहीणबाई, कातळाखालीच तर खरं पाणी असतंय."

वाळू संपली, लोखंडी पाइप उतरला, खडक लागला. थोडं खाली जाताच पाणी आलं. साहेबांनी चिमूट जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले. गोड होतं. वाडीतल्या लोकांनी ओंजळी भरून प्यायलं, कुणीतरी नारळ फोडला. जावई त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाला, "बाबा, पुष्कळ आहे हे. तीन माणसांचं घर आमचं. थांबूया."

साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बेटा, हे पहिलं पाणी हाय. पोरीला कमी नको." आणि गाडीवाल्याला खूण केली, चालू दे.

मी तिथं उभी होते. मलाही तेच बरोबर वाटलं. मी त्या म्हातारीला त्यांच्या पायांवर डोकं ठेवताना पाहिलेलं होतं. कुणालाच भीती वाटली नाही, फक्त विहीणबाई आत निघून गेल्या.

दुसरं पाणी लागलं तेव्हा धार माडाच्या निम्म्यापर्यंत उडाली. मी आयुष्यात तसं पाणी पाहिलं नाही. साहेब त्या फवाऱ्याखाली कपड्यांनिशी उभे राहिले, चष्मा हातात धरून, आणि हसत होते. सुरुवातीला तेही गोडच होतं. पंप बसवला. पंप दिवसभर चालायचा. साहेबांनी शेजारच्या घरांना पाइप जोडून दिले, त्यांच्या सुपारीच्या पोफळी शिंपून दिल्या. नांदेडात बादलीचा हिशोब मागणारा माणूस तिथं हातात पाइप धरून झाडांना आंघोळ घालत होता. मुलगी मला म्हणाली, "बाबांना असं मी कधी बघितलंच नाही गं." आम्ही परत निघायचं लांबवत राहिलो.

मग एका सकाळी विहीणबाई शेजारच्या घरून तांब्या घेऊन आल्या. साहेब दाढी करत होते. त्यांनी तांब्या पुढं केला. "भाऊ, चाखा."

साहेबांनी घोट घेतला आणि गिळला नाही. तोंडात धरून बसले. अर्ध्या गालावर साबण तसाच. मी जवळ जाऊन तांब्यात बोट बुडवून चाटलं. ते विहिरीचं पाणी नव्हतंच, असं वाटलं की कुणीतरी चेष्टेनं मीठ टाकलंय.

ते तसेच उठले. आधी पंप बंद केला. मग शेजारच्या विहिरीवर गेले, पोहरा सोडला, चाखलं. त्याच्या पुढच्या विहिरीवर गेले. मी आणि मुलगी मागून. एकेका आगरात शिरायचं, पोहरा सोडायचा, चाखायचं, पुढं. लोक ओट्यांवर येऊन उभे राहिले होते. एका घरच्या बाईनं सांगितलं की परवापासूनच चव गेली होती, पण एवढ्या मोठ्या माणसानं एवढं केलं, त्याला कसं सांगायचं म्हणून थांबलो. एका माणसानं मात्र आम्हांला पाहून फाटकाची कडी घातली आणि आतून विचारलं, "तुम्हांला कुणी बोलावलं होतं हो?" त्याच्या स्वरात राग असता तर बरं झालं असतं. तो खरंच विचारत होता.

समुद्रापासून सगळ्यांत लांबची विहीर देवळाजवळ होती. ती तरी गोड असेल म्हणून मी मनातल्या मनात देवीला साकडं घातलं. साहेबांनी चाखलं आणि पोहरा खाली ठेवला. विहिरीच्या काठावर बसले. मला अजूनही खरं वाटत नव्हतं. आम्ही मराठवाड्यातली माणसं, पाण्यासाठी खोल जायचं एवढंच आम्हांला माहीत. खोल गेल्यावर समुद्र हाताला लागतो, हे आमच्या कुणाच्याही डोक्यात येण्यासारखं नव्हतं. गोड पाणी तिथं खाऱ्या पाण्यावर सायीसारखं तरंगत असतं. साहेबांनी साय फोडून खालचं वर आणलं होतं.

विहीणबाई पाठोपाठ आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, समुद्र आत येतोच आहे. आज ना उद्या व्हायचंच होतं हे."

"उद्या झालं असतं, विहीणबाई," साहेब म्हणाले. "आज माझ्यामुळं झालं."

त्यांनी बोअर सिमेंटनं भरून बुजवला, स्वतः उभं राहून. पावसात सगळं धुऊन निघेल, असं जावई म्हणत होता, आणि आम्हीही तेच धरून परतलो. पाऊस आला, पण पावसाबरोबर पुन्हा वादळही आलं. आगराच्या कडेचा दगडी बांध फुटला आणि उधाण थेट विहिरीत उतरलं. मुलीनं व्हिडिओ पाठवला होता. घराच्या पायरीशी लाट येऊन परत जात होती, आणि तिची चप्पल त्यात तरंगत होती. साहेबांनी तो एकदाच पाहिला. दुसऱ्या वर्षी पोफळी शेंड्यापासून पिवळ्या पडत गेल्या. माड तेवढे उभे राहिले.

नांदेडच्या घरात साहेब आता गप्प असायचे. कुणी पाइप लावून गाडी धुतली तरी बाहेर येत नसत. खेड्यातून कुणी बोअरची जागा विचारायला आलं तर दारातूनच हात जोडायचे. मला त्याचाच जास्त धक्का बसायचा. त्यांच्या तऱ्हांचा मला वैताग होता, पण त्या नसलेलं ते घर मला ओळखू येईना.

मुलीनं शेवटी बदलीचा अर्ज केला. विहीणबाईंचा रक्तदाब खाऱ्या पाण्यानं वाढत चालला होता, डॉक्टरांनी ते पाणी सोडायला सांगितलं होतं, आणि तिथं दुसरं पाणी नव्हतं. बदली उमरी तालुक्यात झाली. ती नांदेडलाच बापाकडं राहून जाऊन-येऊन करणार होती. सासूलाही ती घेऊन आली. जावई दुकान आणि माड सांभाळायला मागं राहिला. सुनेच्या माहेरी सासूनं राहायला यायचं, हे आमच्या गल्लीत कुणी ऐकलेलं नव्हतं. विहीणबाई आल्या त्या दिवशी साहेब इतके संकोचले होते की त्यांच्यासमोर बसेनात. दारापाशी उभे राहून म्हणाले, "विहीणबाई, एक आधी सांगतो. हितं एप्रिल लागला की नळ बंद. आमच्या गल्लीत टँकर येतो. लई हाल हायेत. तुम्हांला हितं सुख न्हाई."

विहीणबाई पिशवीतून आपली पथारी काढत होत्या. त्यांनी विचारलं, "टँकर येतो ना पण?"

साहेबांना प्रश्न समजला नाही. मलाही.

"आमच्याकडे तोही येत नाही हो आता," त्या म्हणाल्या. "खाडीकडचा रस्ता उधाणाला पाण्याखाली असतो. निम्मा खचलाय. ड्रायव्हर मुख्य रस्त्याच्या तिठ्यावरूनच परत जातो."

साहेब बाहेर जाऊन पायरीवर बसले ते जेवायला बोलावलं तरी उठले नाहीत.

एप्रिलमध्ये पहिला टँकर आला. मी माझी घागर घेऊन खाली उतरले तर रांगेत माझ्यापुढं साहेबांची मुलगी उभी होती. शाळेला जायच्या आधीची घाई, ओढणी कमरेला बांधलेली, दोन हातांत दोन घागरी. तिच्यामागं विहीणबाई हांडा घेऊन. त्यांना रांगेत कसं उभं राहायचं ते माहीत नव्हतं. कुणी पुढं घुसलं की त्या बाजूला होऊन जागा देत होत्या.

साहेब पायऱ्या उतरून धावत आले. बनियनवरच होते. त्यांनी विहीणबाईंच्या हातातला हांडा धरला. "द्या. तुम्ही कामून उभ्या राहून राहिल्या? द्या मला."

विहीणबाईंनी हांडा सोडला नाही. "राहू द्या, भाऊ. मला आता शिकलं पाहिजे."

दोघंही तो हांडा धरून क्षणभर तसेच उभे होते. मग टँकरवाल्यानं पाइप सोडला, बाया पुढं सरकल्या, आणि मुलीनं गर्दीत खांदा घालून ओरडून सांगितलं, "बाबा, बाजूला व्हा ना, नंबर जाईल माझा."

साहेबांनी हांडा सोडला आणि बाजूला झाले.